रिकाम्या खुर्चीचा आराखडा

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाच्या दप्तरात १२,०१७ क्रमांकाचं एक पेटंट आहे. तारीख ५ डिसेंबर १८५४, नाव बोस्टनच्या अ‍ॅरन अ‍ॅलन यांचं, विषय सार्वजनिक इमारतींमधल्या बैठका. नाट्यगृहात आपण उठलो की आपली आपण वर जाणारी जी खुर्ची असते, तिच्या कागदोपत्री इतिहासाची सुरुवात सहसा या पेटंटापासून होते. बसणाऱ्याच्या पाठीला किंवा मांड्यांना जास्त आराम मिळावा, हा त्या कल्पनेचा गाभा नव्हता. माणूस उठून गेल्यावर बैठकीचं काय व्हायचं, एवढंच त्यात नवं होतं.

हा मुद्दा सुरुवातीलाच मांडतो, कारण पुढच्या पावणेदोनशे वर्षांतली पेटंटं, नकाशे, नियमावल्या, प्रयोगांच्या नोंदी आणि निकालपत्रं एकापुढे एक ठेवत गेलं की तोच पुन्हा पुन्हा वर येतो. सभागृहातल्या खुर्चीचा आराखडा तिच्यावर कोणी बसलेलं नसताना ती कशी असावी, यावरून ठरत गेला. जागा वाचवणारी खुर्ची असं तिला म्हटलं जातं आणि ते खरंही आहे. पण वाचलेली जागा कोणाच्या पदरात पडली, हे मात्र प्रत्येक वेळी कागद उघडूनच बघावं लागतं.

बिजागरीवर उचलली जाणारी बैठक अ‍ॅलन यांच्या कितीतरी आधीपासून होती. युरोपातल्या मध्ययुगीन चर्चमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्या धर्मगुरूंसाठी लाकडी आसनांच्या रांगा असत. प्रार्थना चालू असताना बराच वेळ उभं राहावं लागे आणि वयस्कर मंडळींचे त्यात हाल होत. म्हणून आसनाची फळी वर उचलली की तिच्या खालच्या अंगाचा छोटा कंगोरा पुढे येई, अशी सोय केलेली असे. माणूस दिसायला उभा, पण शरीराचा भार त्या कंगोऱ्यावर टेकलेला. इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये तेराव्या शतकातला असा संच आजही आहे. फळीच्या खालच्या अंगाला, म्हणजे जो भाग फक्त आसन रिकामं असतानाच दिसतो तिथे, सुतारांनी आपलं सगळं कसब ओतलं आहे. त्यातल्या एका कंगोऱ्याखाली चक्क हत्ती कोरलेला आहे. बैठकीच्या खालच्या बाजूलाही काम असू शकतं, ही जाण इतकी जुनी आहे. विसाव्या शतकात ती पुन्हा उपयोगी पडली, पण ते पुढे येईल.

या चर्चमधल्या फळ्या हाताने उचलाव्या लागत. नाट्यगृहात ते जमणारं नव्हतं. अंक संपल्यावर उठलेला प्रेक्षक मागे वळून फळी उचलत बसत नाही, आणि घाबरून उठलेला तर नाहीच नाही. म्हणून ‘आपोआप’ या गुणाला मोल आलं. तो साधायचे मार्ग दोनच. एक, बैठक ज्या आसावर फिरते तो आस अशा ठिकाणी घ्यायचा की मागच्या भागाचं वजन पुढच्यापेक्षा जास्त भरेल. माणूस उठला की मागचा भाग खाली बसतो आणि पुढची कड वर येते. दुसरा मार्ग स्प्रिंगचा. आजही कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक खुर्च्या या दोहोंपैकी एका तत्त्वावर किंवा दोहोंच्या मेळावर चालतात. काही बैठका पाऊण उंचीपर्यंत आपोआप जातात आणि रांगेतून कोणी जाऊ लागलं की उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांच्या रेट्याने पूर्ण मिटतात. वर जाताना पाठीवर आपटून आवाज होऊ नये म्हणून रबरी ठोकळे बसवलेले असतात. ते झिजलेले असले की करुण प्रसंग चालू असताना मागच्या रांगेतून फटाक् असा आवाज येतो. आपल्या नाट्यगृहांत तो ओळखीचा आहे.

थोडा हिशेब मांडू. एका रांगेच्या पाठीपासून दुसऱ्या रांगेच्या पाठीपर्यंत समजा ८५ सेंटिमीटर अंतर आहे. बैठक खाली असताना खुर्ची पाठीसकट ६५ सेंटिमीटर घेते. उरले २०, म्हणजे आडवं होऊन, पोट आत घेऊन सरकण्याइतके. बैठक मिटल्यावर खुर्चीची खोली ४५वर आली तर तेच अंतर ४० होतं. रांग तीच आणि खुर्च्याही तितक्याच, पण वाट दुप्पट झाली. आता हाच हिशेब मालकाच्या बाजूने मांडा. पूर्वी वाटेसाठी ४० सेंटिमीटर सोडायचे तर रांगांमध्ये १०५चं अंतर ठेवावं लागे. आता ८५मध्ये भागतं. दर चार-पाच रांगांमागे एक रांग फुकट मिळाली. यंत्रणा एकच आहे. तिच्यातून प्रेक्षकाला मोकळी वाट मिळते किंवा मालकाला जादा तिकिटं, आणि कोणाला काय द्यायचं ते लोखंडाचा तुकडा ठरवत नाही.

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच का उभा राहिला? त्याआधी नाट्यगृहाच्या तळमजल्यावर बहुधा बाकं असत. बाकावर अमुक माणसाची अमुक जागा अशी नसते. चौघांचे सहा होतात, सहांचे आठ होतात. बाक रिकामं असतं किंवा भरलेलं असतं. त्याच्यावर मोजून एक रिकामी जागा दाखवता येत नाही. ज्या दिवशी बाकाची जागा नंबर घातलेल्या, हातांनी वेगळ्या केलेल्या खुर्चीने घेतली, त्या दिवशी ‘रिकामी खुर्ची’ जन्माला आली. शिवाय ही खुर्ची बाकापेक्षा खोल आणि रुंद होती, जमिनीला खिळलेली होती, आणि तिच्यापुढून जायला वाट हवी होती.

हा बदल सगळ्यांना रुचला नाही. लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात ३१ जानेवारी १८८० रोजी काय झालं याची नोंद तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आणि नाट्यगृह चालवणाऱ्या बॅनक्रॉफ्ट दांपत्याच्या आठवणींत आहे. बॅनक्रॉफ्टनी रंगमंचासमोरचं स्वस्त बाकांचं पिट काढून तिथे महागड्या, आरक्षित खुर्च्या मांडल्या होत्या. नव्या व्यवस्थेतला तो पहिलाच प्रयोग. पडदा उघडला तरी पिटाच्या नावाने आरडाओरडा थांबेना. शेवटी स्वतः स्क्वायर बॅनक्रॉफ्ट यांना पुढे येऊन प्रेक्षकांना सामोरं जावं लागलं. आपल्याकडेही ‘पिटातला प्रेक्षक’ आणि ‘पिटातल्या टाळ्या’ हे शब्दप्रयोग पिट नाहीसं झाल्यावर कितीतरी वर्षं नाट्यसमीक्षेत वावरत राहिले. खुर्चीमुळे दाटीवाटीने, खांद्याला खांदा लावून बसणारा एक मोठा वर्ग मागे किंवा वर ढकलला गेला, हे खुर्चीचा इतिहास लिहिताना वगळता येणार नाही.

रांगेचा विचार शेवटच्या टोकापर्यंत नेला तो जर्मनीत बायरॉइटला. रिखार्ड वाग्नर यांच्या उत्सवनाट्यगृहात १३ ऑगस्ट १८७६ रोजी पहिला प्रयोग झाला. वास्तुकार ऑटो ब्रुकवाल्ड यांनी प्रेक्षागृह पंख्यासारखं पसरत जाणारं, एकाच चढाचं बांधलं. तीस रांगा, मधोमध येण्याजाण्याचा मार्ग नाही, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत ओळीने दारं. प्रत्येक रांग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग. प्रत्येकाला रंगमंच समोरून दिसावा, उत्तम दृश्य देणारी मधली जागा येण्याजाण्यात वाया जाऊ नये, हा हेतू नकाशावरूनच कळतो. पण मधला मार्ग काढला की रांगच मार्ग बनते. मधल्या प्रेक्षकाला दारापर्यंत पोचायला पंधरा-वीस जणांच्या पुढून जावं लागतं, आणि बैठका मिटल्या नाहीत तर ते अशक्य आहे. बायरॉइटमध्ये आजही रांगेतली मधली मंडळी येईपर्यंत कडेचे लोक खुर्च्या मिटून उभे राहतात. पुढे ही सलग रांगांची पद्धत जगभर गेली. मिटणारी बैठक नसती तर ती नकाशावरच राहिली असती.

याच वर्षी, १८७६मध्ये, लंडनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख आयर मॅसी शॉ यांनी नाट्यगृहांतल्या आगींवर पुस्तक लिहिलं. त्यानंतरच्या तीन तारखा त्यांच्या काळजीला पुष्टी देणाऱ्या निघाल्या. व्हिएन्नाचं रिंग थिएटर, ८ डिसेंबर १८८१, शेकडो मृत्यू. एक्सेटरचं थिएटर रॉयल, ५ सप्टेंबर १८८७, १८६ मृत्यू. शिकागोचं इरोक्वॉइस थिएटर, ३० डिसेंबर १९०३, ६०२ मृत्यू. शिकागोचं थिएटर उघडून सव्वा महिनाही झाला नव्हता. खुर्च्या सुमारे १,६०० होत्या आणि त्या दुपारच्या खेळाला मागे उभे राहिलेले प्रेक्षकही भरपूर होते. यातल्या बहुतेकांचे जीव बंद दारांनी, अडवलेल्या वाटांनी आणि धुराने घेतले. ते खुर्च्यांमुळे गेले असं म्हणणं चुकीचं होईल. पण या आगींनंतर नियम करणाऱ्यांनी प्रेक्षागृहाचा नकाशा बघण्याची रीत बदलली. आता प्रश्न असा विचारला जाऊ लागला की हे सगळे लोक एकदम उठले तर काय होईल?

अग्निसुरक्षेचे नियम हा इतिहासकाराला मिळणारा फार प्रामाणिक कागद असतो. पेटंटात हेतू असतो, नकाशात इच्छा असते. नियमात मात्र आधी कुठेतरी घडून गेलेलं असतं. अमेरिकेतल्या आजच्या इमारत संहितेत रांगेबद्दलचा नियम असा आहे: पुढच्या रांगेची पाठ आणि मागच्या रांगेतला सर्वांत पुढे आलेला भाग यांच्यामध्ये किमान १२ इंच मोकळं अंतर हवं. दोन्ही टोकांना मार्ग असेल तर १४ खुर्च्यांपर्यंत हे १२ इंच चालतात. त्यापुढे प्रत्येक जादा खुर्चीमागे ०.३ इंच वाढवायचे, २२ इंच होईपर्यंत. म्हणजे ३० खुर्च्यांच्या रांगेला १६.८ इंच लागतात. एकाच टोकाला मार्ग असेल तर वाढ दुप्पट, आणि तीही सातव्या खुर्चीनंतर लगेच सुरू. ब्रिटनमध्येही किमान अंतर ३०० मिलिमीटर, आणि एकीकडे मार्ग असेल तर ७, दोन्हीकडे असेल तर १४ खुर्च्या, असाच ताळा आहे.

या नियमातलं एक कलम मला सगळ्यात बोलकं वाटतं. हे अंतर मोजायचं कसं? बैठक आपोआप वर जाणारी असेल तर ती वर असताना मोजायचं. आपोआप जाणारी नसेल तर खाली असताना. हाताने उचलायची सोय असली तरी ती हिशेबात धरायची नाही, कारण पळणारा माणूस ती उचलणार नाही. अ‍ॅलन यांच्या पेटंटातला ‘आपोआप’ असा कायद्याच्या मोजपट्टीत येऊन बसला. खुर्चीची स्प्रिंग गंजली, बैठक अर्ध्यातच अडकू लागली, तर प्रेक्षक नुसता वैतागतो; पण कागदावर मंजूर झालेली वाट प्रत्यक्षात कमी झालेली असते. आपल्या गावोगावच्या नाट्यगृहांत निम्म्या बैठका खाली लोंबलेल्या दिसतात, तिथे देखभाल म्हणजे केवळ रंगरंगोटी समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

रिकाम्या खुर्चीचं आणखी एक काम आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. १८९५मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग कलासंग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं कोणाला नीट ऐकू येईना. तरुण प्राध्यापक वॉलेस सबाइन यांच्यावर ते सुधारण्याचं काम आलं. त्यांनी जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांच्या गाद्या उचलून आणायला सुरुवात केली. प्रयोग रात्री चालत, कारण दिवसा रस्त्यावरच्या आवाजात काही मोजता येत नसे. ऑर्गनची नळी वाजवायची, बंद करायची, आणि नाद ऐकू येईनासा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे आकडे आहेत. रिकाम्या खोलीत ५.६१ सेकंद. ८.२ मीटर लांबीच्या गाद्या आणल्यावर ५.३३. १७ मीटरवर ४.९४. सगळ्या ४३६ जागांवर गाद्या अंथरल्यावर २.०३. मग मधल्या वाटांवरही गाद्या पसरल्या, आकडा आणखी उतरला. गाद्या वाहून आणणारे, अंथरणारे, पहाटेपर्यंत जागणारे हे लोक आणि दर खेपेला थोडा थोडा उतरत जाणारा तो आकडा बघितला, की प्रयोगशाळेचं काम किती घाम काढणारं असतं ते कळतं.

त्याच निबंधात ध्वनी शोषण्याचा तक्ताही आहे. माप आहे चौरस मीटर उघडी खिडकी, म्हणजे खिडकीतून गेलेला आवाज जसा परत येत नाही तसं. प्रेक्षागृहात बसलेला एक माणूस ०.४४. साधी लाकडी खुर्ची ०.००८२. केस भरलेली, चामड्याने मढवलेली खुर्ची ०.३०. हे तीन आकडे शेजारी ठेवले की लाकडी खुर्च्यांच्या सभागृहाचं दुखणं समजतं. एक माणूस उठून गेला की त्याच्या जागी उरते ती त्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढाही आवाज न शोषणारी लाकडी खुर्ची. पाव सभागृह भरलेलं असेल त्या दिवशी गाणाऱ्याचा आवाज घुमत राहणार आणि हाउसफुल्लच्या दिवशी नेमका. मढवलेली खुर्ची मात्र गेलेल्या माणसाच्या जवळजवळ सत्तर टक्के काम करते. सबाइन यांच्या गणितावर उभारलेला बोस्टनचा सिंफनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजी उघडला, आणि सभागृह बांधणाऱ्यांना तेव्हापासून रिकाम्या खुर्चीचाही हिशेब ठेवावा लागला.

बैठक मिटली की तिची गादी पाठीला चिकटते आणि बाहेर राहतो तो तिचा तळ. तळ टणक फळीचा असेल तर गादीवर केलेला खर्च वाया. म्हणून लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी, जो ३ मे १९५१ रोजी उघडला, रॉबिन डे यांनी खुर्च्यांचा आराखडा केला तेव्हा बैठकीच्या तळाला छिद्रं ठेवली गेली. मिटलेली खुर्ची तळाने आवाज शोषून घेईल आणि बसलेल्या माणसाची उणीव भरून काढेल, अशी योजना. एक्सेटरच्या सुतारांनंतर बैठकीच्या खालच्या अंगाला पुन्हा काम मिळालं. सभागृह म्हणून फेस्टिव्हल हॉल अपेक्षेपेक्षा कोरडा निघाला. नाद सुमारे दीड सेकंदच टिके, आणि १९६४पासून विद्युत यंत्रणेने तो वाढवावा लागला. पण तालीम आणि प्रयोग यांत सभागृहाचा स्वर बदलू नये, ही त्यामागची अपेक्षा आज प्रत्येक मोठ्या सभागृहाच्या खुर्चीकडून केली जाते.

आता पुन्हा वाटेचा प्रश्न, आणि दिल्लीचा कागद. ग्रीन पार्कमधल्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी दुपारच्या खेळाला तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर वर चढला आणि ५९ माणसं गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या ५ मार्च २०१४च्या निकालपत्रात बाल्कनीतल्या खुर्च्यांचा वर्षावार इतिहास नोंदवला आहे. भारतात एखाद्या प्रेक्षागृहाच्या बैठकव्यवस्थेची इतकी बारकाईने झालेली नोंद क्वचितच सापडेल.

१९७३मध्ये परवाना मिळाला तेव्हा १,००० खुर्च्या मंजूर होत्या, ७५० खाली आणि २५० बाल्कनीत. ३० सप्टेंबर १९७६च्या अधिसूचनेने सवलत मिळाली आणि १०० खुर्च्या वाढल्या, त्यातल्या ४३ बाल्कनीत. त्या कुठे मावल्या? मुख्यतः उजव्या भिंतीलगतच्या उभ्या मार्गात. दिल्लीच्या १९५३च्या नियमांत मार्गाची किमान रुंदी ४४ इंच होती. खुर्च्यांच्या रांगा भिंतीला जाऊन भिडल्या आणि तो मार्ग नाहीसा झाला. १९७८मध्ये उजव्या बाजूला आठ आसनांची खासगी बॉक्स बसली आणि तिच्यामुळे उजवीकडचं दारही अडलं. २७ जुलै १९७९ रोजी सवलत रद्द झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि नंतरच्या तपासणीत ४३पैकी ६ खुर्च्या नियमबाह्य ठरून निघाल्या, ३७ राहिल्या. १९८०मध्ये आणखी १५ मंजूर झाल्या. २५० अधिक ३७ अधिक १५, एकूण ३०२. आगीच्या दिवशी बाल्कनीत एवढ्या खुर्च्या होत्या.

या बेरजेतली प्रत्येक पायरी कोणाच्या तरी सहीने झालेली आहे. इथे बैठका मिटल्या तरी काही उपयोग नव्हता. मिटणारी बैठक रांगेतून मार्गापर्यंत वाट काढून देते. मार्गच खुर्च्यांनी भरला असेल तर ती वाट भिंतीशी संपते. बाल्कनीच्या उजव्या भागातल्या लोकांना डावीकडच्या दारांकडे जावं लागलं, काळोखात आणि धुरात, आणि मृतांपैकी बहुतेकांचा जीव गुदमरून गेला. अधिकाऱ्यांनी मंजुरी दिली होती, परवान्याचं नूतनीकरण होत होतं, हा मालकांचा बचाव न्यायालयाने मानला नाही. पैसे घेऊन लोकांना आत बसवणाऱ्याला त्यांना बाहेर पडता येईल हेही बघावं लागतं आणि मंजुरीचा कागद त्या जबाबदारीतून सोडवत नाही, असं निकालपत्र म्हणतं. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा दोष दोन्ही न्यायमूर्तींनी कायम केला. मतभेद झाला तो शिक्षेवर, आणि तेवढा भाग तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला.